पहिली पंधरा मिनिटं हात लावायचा नाही

माझ्या नवऱ्याचं नाव श्रीपाद तासगावकर. घरात मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण लिहिताना 'हे' आणि 'आमचे हे' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. शिवाय चौतीस वर्षं या माणसाने माझं जे डोकं खाल्लंय, त्याच्या बदल्यात चार पानांत दहा-वीस वेळा नाव घेतलं तर काही बिघडत नाही.

श्रीपाद विमा कंपनीच्या क्लेम खात्यात अधिकारी होते. सांगलीहून तीन वर्षांसाठी म्हणून बदली होऊन जयपूरला आलो आणि मालवीय नगरमध्ये मुळंच धरली. कुठे कारखान्याला, गोदामाला आग लागली की ती विझल्यावर पाहणीला जायचं, आग कशाने लागली ते शोधायचं आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय का ते बघायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार? आमच्याकडे पूजा होती, कथेत व्यापाऱ्याची मालाने भरलेली नाव बुडते, तिथे यांनी गुरुजींना थांबवून विचारलं, "मालाची पाहणी कोणी केली होती?" गुरुजी पुढच्या वर्षी आले नाहीत. शेजारी कुकरची शिट्टी उडाली तर हे चप्पल घालून चौकशीला हजर. मी स्वयंपाक करताना भाजी लागली तर 'कधी लक्षात आलं, तेव्हा तू कुठे होतीस' हे दोन प्रश्न ठरलेले.

आणि चिडका स्वभाव. लिफ्ट यायला वेळ लागला तर चिडायचे, सिग्नल लाल झाला तर चिडायचे, चहात साखर विरघळायला वेळ लागला तरी चिडायचे. फक्त जळलेल्या गोदामात गेले की हा माणूस शांत. त्यांच्या हाताखालची पोरं घरी यायची तेव्हा हसून सांगायची, "भाभीजी, साहेबांचा एक नियम आहे. आत गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं काही बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, काही लिहायचं नाही. नुसतं उभं राहून बघायचं. आधी लांबचं, मग जवळचं." मला नवल वाटायचं. घरात पंधरा सेकंद गप्प न बसणारा माणूस राखेत जाऊन पंधरा मिनिटं उभा राहतो म्हणजे काय.

तर गेल्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग बोटांना कळेनासं झालं. कप हातातून निसटला, पेन निसटलं, आणि एक दिवस सकाळी बघते तर आरशासमोर उभे, शर्ट घातलेला आणि सगळी बटणं उघडी. "लाव गं जरा," म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. चौतीस वर्षांत त्यांनी मला 'लाव गं जरा' असं कधी म्हटलेलं नव्हतं, सगळं 'लावून टाक' असायचं. मी मुकाट्याने बटणं लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टर म्हणाले, मानेत मज्जारज्जूवर दाब येत असावा. एमआरआय केल्याशिवाय ऑपरेशन ठरवता येणार नाही, आणि उशीर करू नका. आज हात आहे, पुढे पायही जातील, आणि एकदा गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. एवढं स्पष्ट सांगितलं. श्रीपाद हो हो म्हणाले.

पहिल्या खेपेला मशीनमध्ये गेले. तोंडावर ती जाळी लावतात, हातात रबरी फुगा देतात, त्रास झाला तर दाबायचा. यांनी चौथ्या मिनिटाला दाबला. बाहेर आले ते घामाने निथळत, आणि टेक्निशियन मुलीला वर ऐकवलं, "तुमच्या या यंत्राला बाहेर पडायची वाट एकच आहे. अशा गोदामाचा विमा मी उतरवू दिला नसता." ती बिचारी म्हणाली, "अंकल, हा विमा नाही, तपासणी आहे."

दुसऱ्या खेपेला आतही गेले नाहीत. संमतीपत्र वाचायला घेतलं ते शेवटच्या ओळीपर्यंत, प्रत्येक कलमावर एक शंका काढून. तेवढ्यात वेळ निघून गेली आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. घरी येताना गाडीत मला म्हणाले, "कागदपत्रात त्रुटी होत्या." मी म्हटलं, "त्रुटी तुमच्यात आहेत."

गुंगीचं इंजेक्शन देऊन करा म्हटलं, तर झोपेत श्वास अडकायचा त्यांचा जुना आजार आहे, त्यामुळे डॉक्टर म्हणाले शक्यतो जागेपणीच करू. "घरी थोडं मेडिटेशन करवून घ्या. पाऊण तास शांत पडून राहायची सवय लागली की झालं." जाता जाता सांगितलं त्यांनी, जणू मी यांना पाऊण तास शांत बसवू शकत असते तर एवढ्या वर्षांत बसवलं नसतं.

आमची मुलगी अवनी इथल्याच सीतापुरा औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आहे. जयपूरमध्येच वाढलेली, मराठी बोलते पण अर्धं हिंदी. तिने फोनवर कसलं ॲप घालून दिलं. "बाबा, मतलब, काहीच करायचं नाही. फक्त श्वास बघायचा. बस."

"श्वास दिसतो का?" श्रीपाद म्हणाले.

"दिसत नाही, फील होतो."

"मग बघायचा कसा?"

ॲपमधली बाई गोड आवाजात म्हणाली की मनात येणारे विचार ढगासारखे वाहू द्या. श्रीपादांनी डोळे उघडले. "जयपुरात मार्चमध्ये ढग कुठले?" अवनी म्हणाली, "आई, यांचं काही होणार नाही," आणि ऑफिसला गेली. मला तिचा राग आला, पण म्हणत होती ते काही खोटं नव्हतं.

मग मी जनार्दन भावजींना बोलावलं. जनार्दन म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळातले आमचे स्नेही, बँकेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर ध्यानाला लागले. आता भेटेल त्याला ध्यानाला लावतात. भलता प्रेमळ माणूस, पण बोलायला लागले की समोरच्याचं ध्यान तिथेच लागतं, झोपेचं. येताना स्वतःचं आसन घेऊन आले. श्रीपादांना समोर बसवलं, म्हणाले, "तासगावकर, मनाचं दार उघडा. आत एक प्रकाश आहे."

"कशाचा?"

"तुमचाच."

"वायरिंग कोणी केलंय?"

जनार्दन भावजी हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि दीर्घ ॐ म्हणायला सुरुवात केली. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले तेव्हा श्रीपाद समोर नव्हते, गॅलरीत उभे राहून पार्किंगमध्ये गाडी तिरकी लावणाऱ्याला ओरडत होते. भावजी चहा घेऊन गेले. आसन विसरून गेले, ते अजून आमच्याकडेच आहे. मी त्यावर वाटाणे सोलते.

त्या रात्री मी ठरवलं की आता ध्यान हा शब्दच घरात काढायचा नाही. या माणसाला काही शिकवायला गेलं की तो आधी शिकवणाऱ्याची चौकशी करतो. काम दिलं तर मात्र नाइलाजाने करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "अहो, माझा गुडघा दुखतोय. दुधाकडे तुम्ही बघा."

आमच्याकडे दूध जयपूरजवळच्या चाकसू गावाहून येतं. द्वारकाजी म्हणून आहेत, मोटरसायकलला दोन कॅन लावून पहाटे निघतात आणि आमच्या चार इमारतींना देतात. म्हशीचं, दाट. दोन लिटरचं पातेलं बारीक गॅसवर ठेवलं की उकळी यायला पाव तास तरी लागतो, आणि मोठ्या गॅसवर ठेवलं तर खाली लागतं. म्हणजे पाव तास तिथे उभं राहायचं. नजर हलली की गेलं.

पहिल्या दिवशी गेलं. श्रीपाद तीन मिनिटं उभे राहिले आणि पेपर आणायला गेले. ओट्यावर, गॅसवर, खाली फरशीवर, सगळीकडे दूध. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तोंडातून जे निघालं असतं ते आमच्या सासूबाईंनी वर ऐकलं असतं. श्रीपादांनी ओटा पुसला, आणि संध्याकाळी बघते तर फ्रिजवर डाव्या हाताने लिहिलेला, वेड्यावाकड्या अक्षरांतला एक कागद चिकटवलेला. 'घटना: दूध उतू जाणे. वेळ: सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. कारण: ज्वाला प्रमाणापेक्षा मोठी. मानवी चूक: आढळली नाही.'

मला तेव्हा खरंच राग आला. मी कागद फाडून हातात घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "मानवी चूक आढळली नाही? जळून कोळसा झालेल्या गोदामात पंधरा मिनिटं उभे राहता आणि माझ्या दुधासमोर तीन मिनिटं राहवत नाही? की जळाल्यावरच तुमचं लक्ष जातं? तसं असेल तर सांगा, पातेलं आधी जाळून ठेवते."

श्रीपादांनी माझ्या हातातून कागद घेतला, पुन्हा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. वाद न घालणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून मला भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी ते दुधासमोर उभे राहिले. हात पाठीमागे बांधून, चष्मा वर सारून. मी दारातून बघत होते. आधी खिडकीकडे बघितलं, मग ओट्याकडे, मग गॅसकडे, मग पातेल्याच्या कडेकडे, मग मधोमध. काही बोलले नाहीत, कशाला हात लावला नाही. कडेला बारीक बुडबुडे आले तसे थोडे पुढे झाले. साय फुगली, वर यायला लागली, तेव्हा शांतपणे गॅस बंद केला. डाव्या हाताने.

"झालं," म्हणाले. आणि लगेच, "या पातेल्याचा तळ एका बाजूने पातळ आहे, तुला माहीत आहे का?" वीस वर्षं वापरतेय, मला माहीत नव्हतं.

मग रोज. मी गॅस आणखी बारीक करून ठेवायला लागले, हे त्यांना कळलं की नाही मला ठाऊक नाही. पाव तासाची वीस मिनिटं झाली, मग पंचवीस. एका सकाळी तर मी येऊन आलं किसलं, चहा टाकला, गाळला, तरी श्रीपाद तसेच. अवनी येऊन मला हळूच म्हणाली, "आई, बाबा मेडिटेशन करत आहेत." मी तिला डोळ्यांनी दटावलं. म्हटलं, बोलू नकोस बाई, ऐकलं तर पातेलं फेकून देतील.

एमआरआयची तिसरी तारीख घेतली होती. तिच्या दोन दिवस आधी चाकसूला शीतला मातेचा मेळा आला. त्या दिवशी इथल्या घरांत चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड खातात. द्वारकाजींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "उद्या येणार नाही, माताजीचं आहे." म्हणजे दूध नाही. आम्ही काही पाळत नाही, पण शेजारच्या भाभीजींनी थंड पुऱ्या, बाजरी-ताकाची राबडी असं ताट पाठवलं होतं, तेव्हा म्हटलं आपणही गॅस न पेटवता आजचा दिवस काढू.

सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेले तर श्रीपाद ओट्यासमोर उभे. हात पाठीमागे. समोर गॅसवर काही नाही, पातेलंही नाही.

"अहो, आज दूध नाहीये."

"माहीत आहे."

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी मागे न वळता बोलायला सुरुवात केली.

"सीतापुऱ्यात एका रजईच्या गोदामाला आग लागली होती. अवनी दुसरीत असेल तेव्हा. तुला आठवतं, मी खूप उशिरा आलो होतो आणि तू चिडली होतीस?"

मला आठवत नव्हतं. मी त्यांच्यावर इतक्या वेळा चिडलेय की एक एक लक्षात राहत नाही.

"आत एकटाच गेलो होतो. शटर वाकलेलं होतं, उष्णतेने. मागे खाली आलं आणि अडकलं. आत काळोख, सगळा कापूस जळून गेलेला, श्वास घेतला की राख आत. दुसरं दार नव्हतं. ओरडलो, पण बाहेर कोणी नव्हतं, वॉचमन चहाला गेलेला. तासभर होतो."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं? मी रडलो म्हणून सांगायचं? रडून झालं तेव्हा काहीच करायला उरलं नव्हतं. मग उभा राहिलो. वर पत्र्याला एक भोक होतं, त्यातून उजेडाची रेघ येत होती. ती बघितली. मग भिंत. मग जवळचं. कुठली भिंत जास्त काळी, कुठली कमी. बघता बघता कळलं, आग कुठून सुरू झाली ते. शटर उघडलं तेव्हा मला बाहेर जायची घाईच नव्हती. तेव्हापासून मी पोरांना सांगायला लागलो, पहिली पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. त्यांना वाटायचं पाहणीसाठी."

चौतीस वर्षं मी या माणसाला ओळखते असं समजत होते, आणि त्याने आपल्या भीतीवरचा उपाय पाहणीचा नियम म्हणून पोरांना शिकवला होता. मी उठून त्यांच्या शेजारी उभी राहिले. रिकाम्या गॅसकडे दोघंही बघत राहिलो. मला तर दोन मिनिटांत कंटाळा आला, पण मी हलले नाही.

"मशीनमध्ये आत गेलो की तेच शटर," ते म्हणाले.

"मग तुम्ही तेच करा ना. तिथेही वर बघायला काहीतरी असेलच."

"जाळी आहे तोंडावर."

"जाळीला भोकं असतात."

श्रीपादांनी माझ्याकडे बघितलं. एखादा मुद्दा त्यांना मान्य करावा लागतो तेव्हा त्यांचं तोंड जरा वाकडं होतं, ते झालं.

दोन दिवसांनी आम्ही गेलो. संमतीपत्र त्यांनी वाचलं, पण दोनच शंका काढल्या. घड्याळ, अंगठी, चष्मा माझ्या हातात दिला. दार बंद झालं. त्या जाड दाराबाहेरूनही मशीनचा ठकठक आवाज येत होता, मध्येच थांबायचा, परत सुरू. मी चौथं मिनिट मोजलं. पाचवं मोजलं. दार उघडलं नाही.

मी सांगते, त्या पस्तीस-चाळीस मिनिटांत माझं जे झालं ते कोणाचं होऊ नये. मी नवऱ्याला शांत राहायला शिकवायला निघालेली बाई, मला एका खुर्चीवर बसवेना. उठले, बसले, पाणी प्यायले, बाटलीचं झाकण चावलं. गार्ड म्हणाला, "आंटीजी, बैठ जाइए." अवनीला फोन लावला आणि ती 'हॅलो' म्हणायच्या आधी ठेवला. मनात सारखं येत होतं, आत श्वास अडकला तर. फुगा दाबायला उजवा हात वापरला तर, त्या हाताला कळतच नाही.

दार उघडलं. टेक्निशियन मुलगी आधी बाहेर आली आणि म्हणाली, "आंटी, अंकल तो हिले ही नहीं. सब हो गया, एकदम बढ़िया आया है." मागून श्रीपाद. शर्ट अंगात होता, बटणं सगळी उघडी.

"लाव गं जरा," म्हणाले.

मी पुढे झाले. पहिलं बटण धरलं आणि माझेच हात थरथरायला लागले. दुसऱ्याच्या काजात पहिलं गेलं. काढलं, परत चुकलं. श्रीपाद माझ्या हातांकडे बघत नव्हते. ते माझ्या खुर्चीकडे बघत होते. खाली फरशीवर टोकनच्या कागदाचे बारीक बारीक तुकडे पडले होते, एक सरळ रेघच झाली होती खुर्चीपासून दारापर्यंत. शेजारच्या बाकावर चावलेलं झाकण. त्यांनी ते सगळं बघितलं, आधी लांबचं, मग जवळचं. मग माझं मनगट धरलं, उजव्या हाताने. पकड अगदी सैल होती.

"सोड," म्हणाले. "घाई नाही. पहिली पंधरा मिनिटं हात लावायचा नाही."

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. शर्ट उघडा, आत बनियन दिसतंय, समोरून लोक ये-जा करतायत, एक म्हातारी डोक्यावरची ओढणी पुढे ओढून आमच्याकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, "अहो, लोक बघतायत." श्रीपाद म्हणाले, "बोलायचंही नाही." मग आम्ही बसलो. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग फरशीवरच्या माझ्याच कागदाच्या तुकड्यांकडे, मग माझ्या मांडीवर ठेवलेल्या त्यांच्या हाताकडे. मध्ये केव्हातरी माझे हात थांबले होते. ते कधी थांबले मला कळलं नाही.

ऑपरेशनला आता सहा महिने झाले. हात बराच परत आलाय, सगळा नाही. पेन धरतात, सिग्नलला चिडतात, माझ्या भाजीची चौकशी करतात. सकाळी दूध आम्ही दोघं बघतो. शर्टाची बटणं ते स्वतः लावतात, फक्त सगळ्यात वरचं माझ्यासाठी ठेवतात. मला वाटतं तेही त्यांना आता लावता येत असावं. मी अजून विचारलेलं नाही.